मुसंड्याच्या सन्मानार्थ सभा तहकूब

एका जंगलात, बाळांनो, सिंह नव्हता. सभा होती.

सिंह असला की तो एखाद्याला खातो आणि मग झोपून जातो, असं माझी आई सांगायची. सभेचं तसं नसतं. सभा कुणालाच खात नाही. ती फक्त भरते.

नीट बसा बघू. मागच्या सशांनी पुढे या, आणि माझ्या काट्यांना कुणी हात लावायचा नाही. मी साळिंदर आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर रडारड नको. या गोष्टीत मीही आहे. तुम्ही उगीच खूश होऊ नका, मी यात काही शौर्य गाजवलेलं नाही. मी सभेचे ठराव लिहायचो. अजूनही लिहितो. काटा माझाच, शाई जांभळाची आणि कागद म्हणून पळसाचं पान. त्यातही शोकप्रस्ताव हा माझा खास प्रांत. शोकप्रस्ताव लिहावा तर साळिंदरानेच, असं त्या काळी सगळ्या जंगलात बोललं जायचं. म्हणजे मी बोलायचो, आणि कुणी नाही म्हणत नसे.

तर त्या जंगलात दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. सभेने वणव्याच्या निषेधाचा ठराव केला होता. भाषा माझी होती आणि चांगलीच कडक होती. पण वणव्याला वाचता येत नसावं.

म्हणून सभेने एक पथक नेमलं. पथकात रानडुकरं होती आणि त्यांचा मुकादम म्हणून एक म्हातारं अस्वल होतं. तुम्हाला वाटेल, वणवा पाण्याने विझवतात. जंगलात एवढं पाणी कुठलं? पथकाची रीत वेगळी होती. आग ज्या बाजूने येते, तिच्या पुढ्यात जायचं. मुसकटाने पाचोळा बाजूला लोटायचा, गवत मुळासकट उपटायचं, आणि उघड्या मातीचा एक लांबच लांब पट्टा करायचा. आग तिथवर येते, तिला खायला काही मिळत नाही, ती तिथेच बसते. काम सोपं आहे. फक्त ते आगीच्या पुढ्यात उभं राहून करावं लागतं. मी एकदा पाहणी करायला गेलो होतो. लांबूनच पाहिलं आणि मला लगेच बिळातलं एक अपुरं राहिलेलं काम आठवलं.

त्या पथकात मुसंड्या नावाचं एक रानडुक्कर होतं. दिसायला काही खास नाही. एक सुळा अर्धा मोडलेला. बोलणं कमी. त्याची बायको बयजा, आणि अंगावर पट्टे असलेली पाच पिल्लं. पट्टे असलेली म्हणजे अगदी लहान. मोठी झाली की ते पट्टे जातात.

त्या वर्षी माघातच वारा सुटला आणि आग टेकडीवरून खाली उतरली. पथक धावलं. पट्टा जवळजवळ झाला होता. शेवटी एक बांबूचं बेट आडवं आलं आणि तेवढा तुकडा राहिला. मुकादमाने सगळ्यांना मागे बोलावलं. मुसंड्या म्हणाला, "एवढं उरकून येतो." त्याने ते उरकलं. मग वारा फिरला आणि तो आला नाही.

आग पट्ट्यापाशी थांबली. अलीकडे तुमचे आजीआजोबा होते, सभा भरते ते मोहाचं झाड होतं, आणि माझं बीळ होतं. मी त्या वेळी बिळातच होतो, पण मनाने पथकाबरोबर होतो.

आता तळ्याची गोष्ट सांगायला हवी. त्या जंगलात एकच तळं होतं. त्याच्या एका काठाला जांभळीची सावली, उतरती वाळू आणि घोट्याएवढं पाणी. तिथे पिल्लूसुद्धा उभं राहून पाणी पिऊ शकेल. पण तो काठ सभासदांचा. दुसरा काठ बाकीच्यांचा. तिथे पाणी एकदम खोल होतं आणि त्यात मगर होती. मगर तशी मनाने वाईट नव्हती. ती फक्त तिथे राहायची.

आणि जंगलाचा जुना नियम असा होता की वणव्यात जो जाईल, त्याच्या कुटुंबाला जांभळीखाली कायमची जागा द्यायची. त्याची पोरं तिथेच पाणी पितील आणि तिथेच चिखलात लोळतील. नियम सगळ्यांना पाठ होता. कुणाचाही त्याला विरोध नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, बाळांनो. या सगळ्या गोष्टीत विरोध कुणीच केला नाही.

पहिली सभा भरली. सभापती होता गवा. शरीर एवढं मोठं की तो एखाद्या बाजूने झुकला तर निम्मे सभासद त्याच बाजूचे व्हायचे. सचिव होता बगळा. त्याला सगळे नियम येत. तो एका पायावर उभा राहून नियम सांगायचा; दुसरा पाय कुठल्याच बाजूला टेकायचा नाही.

बगळ्याने विषय वाचला. "विषय पहिला. मुसंड्याच्या कुटुंबाला जांभळीखालची जागा देणे."

मुसंड्याचं नाव निघताच मोराला हुंदका फुटला. मोर हा आमचा सगळ्यात हळवा सभासद. गवा म्हणाला, "आधी श्रद्धांजली."

आम्ही सगळे उभे राहिलो. दोन मिनिटं माना खाली. मग मी शोकप्रस्ताव वाचला. खोटं कशाला बोलू, फार सुंदर झाला होता. दुसऱ्या परिच्छेदाला तर तरससुद्धा रडलं, आणि तरसाला रडवणं सोपं नाही. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

गवा पुढच्या कामाला लागणार तोच बगळ्याने चोच वर केली. "शोकप्रस्ताव मंजूर झाल्यावर दिवंगताच्या सन्मानार्थ सभा तहकूब करण्याची प्रथा आहे."

"आहेच," गवा म्हणाला. "सभा तहकूब. विषय पुढच्या सभेत."

सगळे हळूहळू, जड पावलांनी घरी गेले. दोघातिघांनी मला वाटेत गाठून प्रस्तावाचं कौतुक केलं. मी म्हणालो, "छे, प्रसंगच तसा होता."

दुसरी सभा पुढच्या महिन्यात. बगळ्याने विषय वाचला. त्यात मुसंड्याचं नाव होतं. नाव निघालं म्हणजे श्रद्धांजली आली. श्रद्धांजली झाली म्हणजे दुसरं कामकाज नाही. आम्ही उभे राहिलो आणि सभा तहकूब झाली. या खेपेला मी प्रस्तावात दोन नव्या ओळी घातल्या होत्या.

मधल्या काळात सभा रिकामी बसली होती असं मात्र समजू नका. मुसंड्याचं नाव द्यायला एखादी वाट हवी, असं मोराने सुचवलं. सगळ्या वाटांना आधीच कुणाकुणाची नावं होती. एकच उरली होती. तळ्याच्या मगरीच्या काठाला जाते ती. तिला मुसंड्या मार्ग असं नाव दिलं. बयजा आणि तिची पोरं रोज त्याच वाटेने पाण्याला जायची.

तिसऱ्या सभेला बयजा स्वतः आली. सोबत पाचही पिल्लं. ती मोहाखाली आली आणि तिला पाहताच आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. कुणी सांगावं लागलं नाही. आम्ही मुळात फार सुसंस्कृत.

"बसा की," बयजा म्हणाली.

आम्ही बसलो नाही. माना खाली घातल्या.

"मला बोलायचं होतं. पाण्याचं. तिकडल्या काठाला पोरं उतरली की माझा जीव खालीवर होतो. एकाला धरावं तर दुसरं पुढं जातं. त्यांचा बाप होता तवा तो पाण्यात आडवा उभा राहायचा."

शांततेत बोलायचं नसतं. म्हणून कुणी बोललं नाही. मोर डोळे पुसत होता.

"अहो, बसा ना कुणीतरी. उभ्या माणसाशी किती बोलायचं?"

दोन मिनिटं संपली. गवा पुढे झाला. त्याचा आवाज भरून आला होता. "वहिनी, मुसंड्या तुमच्या एकटीचा नव्हता. तो आम्हा सगळ्यांचा होता."

"मग पोरंबी सगळ्यांचीच असतील," बयजा म्हणाली. "त्यांना पाणी कुठं पाजायचं?"

गव्याने बगळ्याकडे पाहिलं. बगळा म्हणाला, "श्रद्धांजली झालेली आहे."

"सभा तहकूब," गवा म्हणाला, आणि खरंच सांगतो, त्याला वाईट वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. वाईट वाटण्यात आमचा हात कुणी धरला नसता.

ती पोरांना घेऊन मुसंड्या मार्गाने परत गेली.

चैत्रात तळं आटायला लागलं. पाणी कमी झालं तशी मगर काठाजवळ आली, कारण तिलाही पाणी लागतं. एका सकाळी बयजा पिल्लांना घेऊन काठाला गेली. जाताना पाच होती. येताना चार आली.

बाळांनो, इथे मी जरा थांबतो. ही गोष्ट सांगताना इथे मी नेहमी घोटभर पाणी पितो. ते पिल्लू सगळ्यांत धाकटं होतं, आणि त्याला पाण्यात नाक बुडवून बुडबुडे काढायची खोड होती. मी ते पाहिलं होतं. मी माझ्या काठावर पाणी पीत होतो आणि समोरच्या काठावर ते बुडबुडे काढत होतं. मला तेव्हा गंमत वाटली होती.

बातमी कळताच सभा तातडीने बोलावली. मोर वाटेतच ओक्साबोक्शी रडत आला. गव्याने मला विचारलं, "काही लिहिलंय का?" मी लिहिलं होतं. पिल्लासाठी लिहिलेला तो प्रस्ताव माझ्या आजवरच्या कामातला सर्वोत्तम आहे, असं जाणकार मानतात. सगळे उभे राहिले. ती दोन मिनिटं आम्ही इतक्या मनापासून पाळली की तळ्यातली मगरही हलली नाही.

त्यानंतर सभा तहकूब झाली. जागेचा विषय त्या दिवशीही होता. दुसऱ्या क्रमांकावर.

पाचव्या सभेला बयजा पुन्हा आली. या वेळी एकटीच. पोरांना तिने मुकादम अस्वलाकडे ठेवलं होतं. आम्ही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती लांबूनच म्हणाली, "उठू नका. आज मी तोड काढलीय."

आम्ही अर्धवट उठलेले तसेच राहिलो.

"त्याचं नावच घेऊ नका," बयजा म्हणाली. "नाव घेतलं की तुम्हाला उभं राहावं लागतंय. उभं राहिलं की सभा मोडतीय. तर नाव गाळा. नुसतं जागेचं बोला. मला त्याचं नाव ऐकायची हौस नाही. मला घरी येतंय ते ऐकू, रोज."

सभेत कुजबुज झाली. मोराला हे फार निष्ठुर वाटलं. पण बगळ्याने बराच विचार केला, आणि म्हणाला, "प्रथेला बाधा येत नाही."

आम्ही खाली बसलो. त्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदाच पुढच्या कामाला बसलेले राहिलो. बगळ्याने विषय वाचला. "कुटुंबाला जांभळीखालची जागा देणे."

"मंजूर करायला काही हरकत नाही," गवा म्हणाला. बयजाने डोळे मिटले.

"एक शंका," बगळा म्हणाला. "कुणाच्या कुटुंबाला?"

नाव घ्यायचं नव्हतं.

"वणव्यात गेलेल्याच्या कुटुंबाला जागा मिळते. इथे कुणी गेल्याची नोंद नाही. जो गेलाच नाही, त्याचं कुटुंब त्याने स्वतः सांभाळावं, असं नियमातून दिसतं."

"तुम्हाला ठाऊक आहे की तो कोण ते," बयजा म्हणाली.

"मला व्यक्तिशः ठाऊक आहे," बगळा म्हणाला. "सभेला ठाऊक नाही."

नाव नसलेला विषय निकाली निघाला; नाव असलेला तसाच पुढच्या सभेवर राहिला. निकालाची कारणं मीच लिहिली. अडचण अशी झाली की त्यात मुसंड्याचं नाव न घेता मुसंड्याबद्दलचा आदर व्यक्त करायचा होता. मला फार कष्ट पडले, पण जमलं.

बयजा परत गेली नाही, पुढे आली. मग तिने बगळ्याला विचारलं, "सभेशिवाय मिळंल असं काही हाय का तुमच्याकडं?"

बगळा वाईट नव्हता. त्याने खरोखर शोधलं. "एक आहे," तो म्हणाला. "पथकात एक जागा रिकामी आहे. गेलेल्याची जागा त्याच्या घरच्या माणसाला अनुकंपा म्हणून देता येते. ते सभेपुढे यावं लागत नाही. ताबडतोब मिळते."

"म्हणजे त्याची जागा मला."

"हो."

"आगीपुढची."

"हो. आणि पथकातल्यांना सराव असेल त्या दिवशी जांभळीखाली अंग भिजवायला परवानगी आहे. सोबत कोण आलं, हे तेव्हा फारसं कुणी पाहत नाही."

अशी बयजा पथकात आली. आम्ही तिचा सत्कार केला. या सत्काराला आम्ही बसून राहू शकलो, कारण ती जिवंत होती. मी मानपत्र लिहिलं. तिने ते घेतलं आणि उलटं धरून थोडा वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि माझं अक्षर तर खरं म्हणजे कुणालाच वाचता येत नाही.

ती कामाला मुसंड्यापेक्षा सरस होती की कमी, हे मला सांगता येणार नाही. मी पाहायला गेलो नाही. मुकादम म्हणायचा, "बाई खाली मान घालून पट्टा ओढते, वर बघत नाही." सरावाच्या दिवशी चार पिल्लं जांभळीखाली पाणी प्यायची. सराव एक दिवसाआड असायचा. मधल्या दिवशी ती तहानलेली राहायची. मगरीच्या काठाला ती पुन्हा कधी गेली नाहीत. बयजाने जाऊ दिलं नाही.

वैशाखात मोठी आग आली.

तसली आग मी त्याआधी पाहिली नव्हती. टेकडीच्या मागून धूर उठला आणि दुपारी ऊन तांबडं झालं. पथक जांभळीखाली जमलं, अंगं भिजवायला. पथकाला निरोप द्यायला सभाही तळ्याकाठी आली. मोराने भाषण केलं. त्यात "मागे वळून पाहू नका" असं एक वाक्य होतं. ते मी त्याला लिहून दिलं होतं.

सगळे निघाले. बयजा निघाली नाही. तिची पोरं तिच्या पोटाखाली उभी होती आणि पाणी पीत होती.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली.

गवा सवयीने उभा राहायला लागला.

"उठू नका. मी अजून मेले नाही."

गवा खाली बसला. त्याने बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने पाय बदलला. जिवंत माणूस समोर येऊन बोलला तर काय करायचं, याची काही प्रथा नव्हती.

"मी आता जाते आगीपुढं," बयजा म्हणाली. "मी नाही आले तर या चौघांनी पाणी कुठं प्यायचं?"

"वहिनी, असं अभद्र बोलू नये," मोर म्हणाला.

"अभद्र ते तिकडं पेटलंय. मी नुसतं विचारते. नंतर विचारता येणार नाही. मी गेले की तुम्ही सगळे उभे राहणार. तुम्ही उभे राहिलात की तुम्हाला बोलता येत नाही. एक पोर गेलं माझं, तुमच्या त्या उभं राहण्यापायी. म्हणून आत्ता विचारते, तुम्ही बसलेले असताना."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला कसं गप्प करायचं ते आम्हाला ठाऊक आहे.

वाळूवर एक आवाज झाला. मुकादम अस्वल परत आलं होतं, आणि ते बयजाच्या शेजारी येऊन बसलं. "मलाबी दोन नातवंडं हायत," ते म्हणालं. "काय ठरतंय ते ऐकूनच जातो."

मागून एक एक करत सगळं पथक आलं आणि वाळूवर बसलं. काम करत नाही असं त्यातलं कुणी म्हणालं नाही. ते फक्त ऐकायला बसले होते.

धूर तळ्यावर आला. मला खोकला झाला. मोराचा पिसारा काळा पडायला लागला. इकडून तिकडून सगळे सभासद गव्याकडे पाहत होते, आणि त्यांची नजर मी आजवर कुठल्याच सभेत पाहिली नव्हती. त्यांना कामकाज हवं होतं.

"पथकातल्या सगळ्यांच्या पोरांना जांभळीखालची जागा," गवा म्हणाला. "आजपासून. आईबाप जिवंत असतानाच, आणि नंतरही. विरोध?"

विरोध कधीच नव्हता. मी तुम्हाला आधीच सांगितलंय.

"मंजूर."

बगळ्याने काहीतरी विचारायला चोच उघडली. तिच्यात धूर गेला आणि तो नुसताच खोकला.

बयजाने पोरांना तिथेच वाळूवर बसवलं. थोरल्याला म्हणाली, "इथून हलायचं नाही. कुणी उठ म्हणालं तर सांग, ठरलंय." मग ती पथकाबरोबर गेली.

आता माझं ऐका, कारण यापुढचं मला एकट्यालाच माहीत आहे. मी बिळात गेलो आणि लिहायला बसलो. एवढी मोठी आग, आणि बयजा वर न बघता पट्टा ओढणारी. मी अंदाज बांधला. सगळं जंगल पेटलं असताना मी पळसाच्या पानावर बयजाचा शोकप्रस्ताव लिहीत होतो. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण वाक्यं छान उतरत होती, आणि मला लिहिणं थांबवता आलं नाही.

आग दुसऱ्या दिवशी विझली. पट्टा टिकला. मी पान घेऊन बाहेर आलो, तर बयजा तळ्याकडून माझ्याच दिशेने येत होती. अंगावरचे केस जळाले होते, एक कान फाटला होता, पण ती चालत होती.

सगळं पथक परत आलं होतं.

मला पान लपवायला जमलं नाही. काट्यांनी फाटू नये म्हणून मी ते पुढ्यातच धरलं होतं.

"काय ते?" बयजाने विचारलं.

मी थापा मारण्यात कच्चा आहे. "तुमचं," मी म्हणालो. "म्हणजे, जर काही झालं असतं तर."

"वाचा."

"आता कशाला, वहिनी."

"वाचा. नाहीतर मला कवा ऐकायला मिळणार?"

मी वाचलं. उभ्यानेच वाचलं, त्याची मला सवय आहे. ती वाळूवर बसून ऐकत होती. तिची पोरं मागे जांभळीखाली लोळत होती. शेवटचा परिच्छेद वाचताना माझा आवाज कापला. तो तसा कापतोच, ती माझी शैली आहे. पण त्या दिवशी मी तो कापवला नव्हता.

वाचून झाल्यावर तिने मान हलवली. मला वाटलं, आवडलं.

"हसत हसत आगीत गेली, असं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "हसत कुणी जात नाही. पोटात गोळा येतो. तोबी तसाच जायचा, दरवेळी. जाताना पोरांना हुंगायचा आणि म्हणायचा, लवकर येतो."

"बदलतो," मी म्हणालो.

"राहू द्या. बाकी चांगलं आहे." ती उठली, आणि जळक्या अंगाने पाण्याकडे निघाली. "फेकू नका ते. जपून ठेवा. पुढच्या वर्षीबी आग लागणार आहे. नाव तेवढं बदला."

तात्पर्य: जंगलासाठी जीव खुशाल द्यावा, बाळांनो, पण आपल्या पोरांनी पाणी कुठे प्यायचं, हे जिवंतपणीच विचारून घ्यावं. मेलेल्यांचा आम्ही फार आदर करतो, आणि आदर करताना आम्हाला दुसरं काही करता येत नाही. मुसंड्याचा विषय आजही सभेपुढे आहे. उद्या सभा आहे. मी चार नव्या ओळी लिहिल्यात.